जमैकाचा जर्क मसाला घरी करायचाय? मग आधी ऑलस्पाइस ओळखा

कॅरिबियन मसाला असा एकच मसाला नसतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पाकिटावर 'कॅरिबियन सीझनिंग' असं छापलेलं बघून लोक काहीही उचलतात आणि मग म्हणतात की अरे हा तर आपला गरम मसालाच आहे. बेटं इतकी सगळी, प्रत्येकाची चव वेगळी. त्रिनिदादला हिरवं वाटण असतं, ओलं, त्यात कोथिंबिरीच्या नात्यातली एक लांब पानांची उग्र भाजी घालतात, हैतीमध्ये एपिस असतं तेही ओलं, पोर्तो रिकोत आदोबो असतो तो सुका पण अजिबात तिखट नाही. तिखट, उग्र, मांसावर चोळून निखाऱ्यावर भाजायचा असा जो प्रकार आपल्या डोक्यात असतो तो जमैकाचा, त्याला म्हणतात जर्क. खुद्द जमैकात जर्क बहुतेक वेळा ओल्या वाटणाचाच करतात, पातीचा कांदा, ताजी मिरची, आलं सगळं एकत्र वाटून. सुका मसाला ही त्याची सोयीची आवृत्ती, बरणीत भरून ठेवली की झालं. पण ओल्याचं सुकं करताना काय जातं आणि ते कसं भरून काढायचं हे कळलं नाही तर हाती फक्त तिखट पूड राहते.

जर्कमध्ये खरं काम तीनच गोष्टी करतात, ऑलस्पाइस, स्कॉच बॉनेट नावाची मिरची आणि थाइम नावाचा बारीक सुगंधी पाला. बाकी सगळी मंडळी मागे उभी राहून टाळ्या वाजवणारी. त्यातही मला विचाराल तर पहिला मान ऑलस्पाइसचा, मिरचीचा नाही. बिनतिखटाचा जर्क मी एकवेळ जर्क म्हणून खाईन पण ऑलस्पाइस नसलेला नाही.

तर ऑलस्पाइस. नावामुळे अर्ध्या लोकांना वाटतं की हे कसलंतरी मिश्रण आहे, तर तसं नाही, हे एका झाडाचं फळ आहे, मिरीपेक्षा थोडं मोठं, तपकिरी, खडबडीत. जमैकात याला पिमेंटो म्हणतात आणि तिथलं ऑलस्पाइस जगात सगळ्यात नावाजलेलं. फळं हिरवी असतानाच तोडतात आणि उन्हात वाळवतात, पिकू दिली तर वास कमी होतो. नीट वाळलेलं फळ कानाशी धरून हलवलं की आतल्या बिया खुळखुळतात, दुकानात माल बघताना ही एक सोपी परीक्षा. वासात लवंग, दालचिनी, जायफळ सगळं एकदम आल्यासारखं वाटतं कारण त्याच्या तेलात मुख्य भाग युजेनॉलचा असतो, लवंगेत जे असतं तेच.

आता आपल्याकडे गोंधळ कुठे होतो बघा. किराणा दुकानात ऑलस्पाइस मागितलं की बऱ्याचदा कबाबचिनी काढून देतात, आणि काही ऑनलाइन दुकानं तर दोन्ही नावं एकाच पाकिटावर छापतात. कबाबचिनी म्हणजे कंकोळ, ती मिरीच्या घराण्यातली वेल, चव वेगळी, थोडी कडसर आणि कापरासारखी थंड. ओळखायची खूण म्हणजे शेपूट. कंकोळाच्या दाण्याला बारीक देठाची शेपटी असते, ऑलस्पाइसला नसते. शेपटीवालं घरी आलं तर परत करा, त्याचा जर्क होणार नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी एक चांगली बातमी, तिकडच्या नर्सऱ्यांमध्ये ऑलस्पाइसची रोपं मिळतात आणि बऱ्याच जणांच्या परसात हे झाड आहेसुद्धा, लोक पुलावात नाहीतर मटणात तमालपत्रासारखं पान टाकतात. फळाचं मात्र सांगता येत नाही, यात काही झाडं नरासारखी वागतात काही मादीसारखी, त्यामुळे एकटं झाड लावून फळांची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. पण पानं फेकू नका, त्यांचा उपयोग पुढे धुराच्या वेळी सांगतो. लंडन किंवा टोरांटोला राहणाऱ्यांनी हा सगळा भाग सोडून द्या, तुमच्याकडे जमैकन वस्ती मोठी आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं मिळेल.

ऑलस्पाइस मिळालंच नाही तर? दोन भाग दालचिनी, एक भाग लवंग, एक भाग जायफळ आणि थोडी मिरी असं एकत्र दळून काम भागतं. भागतं म्हणजे भागतं, तेवढंच.

मिरचीकडे येऊ. स्कॉच बॉनेट ही छोटी, चपटी, टोपी दाबून बसवल्यासारखी दिसणारी मिरची, तिखटपणा स्कोव्हिल मापात साधारण 1 लाख ते साडेतीन लाख. पण नुसतं तिखट असतं तर प्रश्नच नव्हता, तिखट मिरच्या आपल्याकडे काय कमी आहेत का. स्कॉच बॉनेटला एक फळासारखा गोडसर वास असतो, जर्दाळू किंवा पिकलेल्या आंब्याच्या जवळ जाणारा, आणि तो आपल्या लवंगी, गुंटूर, संकेश्वरी कुणालाच नाही, कारण या सगळ्या वेगळ्या जातीच्या. स्कॉच बॉनेट, हबानेरो आणि ईशान्येची भूत जोलोकिया या मात्र जवळच्या नातेवाईक. म्हणून घरी करताना माझा सल्ला असा की तिखटपणाचा मुख्य भार लवंगी किंवा गुंटूरच्या पुडीवर टाका आणि वासासाठी चिमूटभर हबानेरो पूड घाला, ऑनलाइन मिळते. हबानेरो नसेल तर भूत जोलोकियाची पूड, पण इथे अक्षरशः चाकूच्या टोकावर मावेल इतकीच, तिचा आकडा 10 लाखांच्या वर जातो, 2007 मध्ये गिनीजने जगातली सगळ्यात तिखट म्हणून नोंद केली होती ती हीच.

आणि कृपया बेडगी किंवा काश्मिरी घालून मसाला लालभडक करू नका. जर्क लाल नसतो. तो तपकिरी, जवळजवळ मातकट असतो आणि भाजल्यावर काळपट होतो. दुकानातली लाल पाकिटं रंगासाठी केलेली असतात, आपल्याला लाल रंग दिसला की भूक लागते हे त्यांना माहीत आहे.

मिरचीबद्दल आणखी एक, लोक बिया काढून टाकतात आणि समजतात तिखट कमी झालं. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही, बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत होतं. अख्ख्या सुक्या मिरच्यांपासून पूड करणार असाल आणि घरात लहान मुलं असतील तर त्या शिरा खरवडून काढा, बिया राहिल्या तरी चालतील. तोंड पोळलंच तर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध किंवा दही घ्या.

तिसरा गडी थाइम. सुका थाइम आता मोठ्या दुकानांत छोट्या बाटलीत मिळतो, महाग वाटतो पण लागतो तेवढा लागतोच. तो मिळत नाही म्हणून काय घालायचं याची उत्तरं लोक भलतीच देतात, पिझ्झ्याबरोबर आलेली ओरेगॅनोची पाकिटं साठवून ठेवलेली असतात ती घालतात आणि मग कोंबडीला पिझ्झ्याचा वास येतो. त्यापेक्षा आपला ओवा बरा. थाइमचा वास ज्याच्यामुळे असतो ते थायमॉल ओव्यातही असतं, उलट जास्तच, त्यामुळे थाइमच्या जागी ओवा घालायचा तर अगदी थोडा, नाहीतर बाळंतिणीच्या औषधासारखं लागेल. मी काय सुचवेन, थाइम जितका मिळेल तितका घाला आणि कमी पडला तरच पाव टीस्पून ओवा. गंमत म्हणजे आपल्या कुंडीतला पानओवा, तोच जाडसर लवदार पानांचा, कॅरिबियन बेटांवर ब्रॉडलीफ थाइम म्हणून सर्रास वापरतात. पण त्याच्या पानात पाणी फार, वाळवून काही उरत नाही, म्हणून बरणीतल्या मसाल्यात नको. ऐन वेळी मसाला मांसाला लावताना दोनतीन ताजी पानं ठेचून घाला, मजा येते.

बाकीचे झटपट. मिरी हवीच. जायफळ हवं, तेही कॅरिबियनचंच म्हणायला हरकत नाही, ग्रेनाडा या देशाच्या तर झेंड्यावर जायफळ आहे. सुंठ हवी. दालचिनी थोडी. लवंग फारच थोडी, कारण ऑलस्पाइसमध्ये तोच युजेनॉल आधीच भरपूर आहे आणि वरून लवंग वाढवली की दातदुखीच्या औषधाचा वास. कांद्याची आणि लसणाची पूड, ओल्या वाटणातल्या पातीच्या कांद्याची आणि लसणाची जागा भरायला. या दोन पुडी विकतच घ्या. घरी कांदा वाळवता येतो, मे महिन्यात गच्चीवर वाळतोही, पण बाहेरून कुरकुरीत आणि आतून किंचित ओला राहिला तर सगळी बरणी बुरशीला देऊन बसाल.

आता प्रमाण. ऑलस्पाइसचे दाणे 4 टेबलस्पून, मिरी 1 टेबलस्पून, दालचिनी दोन इंच, लवंगा चारपाच, जायफळ अर्धं किसून, सुका थाइम 3 टेबलस्पून, सुंठ पूड 1 टेबलस्पून, कांदा पूड 3 टेबलस्पून, लसूण पूड 2 टेबलस्पून, लवंगी किंवा गुंटूर मिरचीची पूड 2 टेबलस्पून, आणि हबानेरो पूड पाव ते अर्धा टीस्पून जमेल तशी. धुराची सोय होणार नसेल तर स्मोक्ड पॅप्रिका, म्हणजे धुरावलेल्या मिरचीची पूड, 1 टेबलस्पून. हे थोडं तिखटच होतं, पहिल्यांदा करताय तर मिरची निम्मी घ्या, नंतर वाढवता येते, कमी करता येत नाही.

यादीत मीठ आणि साखर नाही हे लक्षात आलं असेल. विसरलो नाही. विकतच्या बहुतेक जर्क मसाल्यांत मीठ आणि ब्राउन शुगर आधीच मिसळलेली असते, बऱ्याचदा मीठच यादीत सगळ्यात वर असतं, कारण ते स्वस्त. घरी मात्र मी ही दोन वेगळी ठेवायला सांगतो. एक तर ब्राउन शुगरमध्ये मळी असते, ती ओलसर, आपल्या पावसाळ्यात बरणीतला मसाला दगड होतो, आणि तिच्या जागी गुळाची पावडर घातली तर आणखीच लवकर, गूळ हवेतलं पाणी जास्त ओढतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मीठ मांसाच्या वजनावर ठरतं आणि मसाला तुमच्या जिभेवर. दोन्ही एकत्र असले की मसाला जास्त हवा म्हणून दोन चमचे वाढवले तर खारट होतं आणि खारट नको म्हणून कमी घातला तर फिकं. साखरेचं तर आचेवर ठरतं, मंद निखाऱ्यावर साखर छान रंग देते, पण तापलेल्या तव्यावर तीच साखर चिकन आतून शिजायच्या आधी जळून कडू होते. तव्यावर करणार असाल तर साखर लावूच नका, शेवटी थोडं मध किंवा गुळाचं पाणी फिरवा.

दळायचं कसं. आपला हात गोडा मसाला, मालवणी मसाला यावर बसलेला असतो म्हणून सवयीने आधी सगळं तेलावर भाजायला घेतलं जातं, ते इथे करायचं नाही. तेल लागलं की पूड सुकी राहत नाही आणि ऑलस्पाइसचा वास कढईतच उडून जातो. फक्त ऑलस्पाइस, मिरी, दालचिनी, लवंग कोरड्या कढईत मंद आचेवर हाताला गरम लागेपर्यंत हलवा, एवढंच, रंग बदलू द्यायचा नाही. हे भाजणं नाही, ओल घालवणं आहे. पूर्ण गार झालं की मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि वास पुन्हा उडतो. चाळून घ्या, वर राहिलेला भरडा परत फिरवा. थोडा रवाळ राहिला तरी चांगलं, मांसावर दाणा दिसतो. थाइम मिक्सरमध्ये घालू नका, तळहातावर चोळून टाका. मिरची पूड, कांदा, लसूण, सुंठ हे शेवटी वाडग्यात मिसळा, मिक्सर लागत नाही. अख्ख्या मिरच्या दळणार असाल तर भांडं बंद केल्यावर पाच मिनिटं झाकण उघडू नका, आणि खिडकी उघडी. कांडपवाल्याकडे नेण्याएवढा हा माल नाही आणि नेलाच तर आधीच्या माणसाचा कांदा लसूण मसाला तुमच्या जर्कमध्ये येणार हे नक्की.

बरणी काचेची, कोरडी, अंधारात. आपण वर्षभराच्या मसाल्यात हिंगाचा खडा टाकतो किडा लागू नये म्हणून, तो इथे नको, हिंगाचा वास जर्कमध्ये अगदी उपरा वाटतो. त्यापेक्षा कमी करा आणि तीनचार महिन्यांत संपवा, पावसाळ्यात फ्रिजरमध्ये ठेवला तरी चालतो, फक्त काढताना हवा तेवढाच काढून बरणी लगेच आत.

वापरायचा कसा ते आता. एक किलो चिकनला, शक्यतो हाडासकट मांडीचे तुकडे, तीन टेबलस्पून मसाला, बारीक मीठ दोन सपाट टीस्पून म्हणजे साधारण 12 ग्रॅम, ब्राउन शुगर एक टेबलस्पून, एका लिंबाचा रस, दोन टेबलस्पून तेल. थोडा सोया सॉसही बरेच जमैकन लोक घालतात. पातीचा कांदा आणि आलं घरात असेल तर ठेचून घाला, सुक्या मसाल्याचं जे थोडं उणं असतं ते इथे भरून निघतं. तुकड्यांना खोल चिरे मारा. का, तर मीठ रात्रभरात आत जातं आणि मांस रसदार ठेवतं पण मसाला आत जात नाही, कितीही वेळ ठेवा तो वरच राहतो, म्हणून वरचा भाग चिऱ्यांनी वाढवायचा. रात्रभर फ्रिजमध्ये. ओव्हनमध्ये 180 डिग्रीला चाळीस पंचेचाळीस मिनिटं, मधलं तापमान 74 च्या वर गेलं पाहिजे, थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ टोचून बघा, रस गुलाबी येता कामा नये.

पण खरं जर्क ओव्हनमध्ये होत नाही, आणि इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा कारण चव त्यातूनच आली आहे. जमैकाचे मूळ रहिवासी ताइनो, ते लाकडाच्या मांडणीवर मांस धुरावत असत. मग स्पॅनिश आले, त्यांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. 1655 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं त्या धामधुमीत आणि नंतरही बरेच गुलाम डोंगरात पळाले, त्यांना मरून म्हणतात. ब्लू माउंटनच्या रानात ते इंग्रजांशी लढत राहिले, 1739 मध्ये इंग्रजांना शेवटी तह करावा लागला. त्यांची नॅनी नावाची सेनानी आज जमैकाच्या 500 डॉलरच्या नोटेवर आहे. रानडुक्कर मारायचं, मीठ, मिरची आणि रानातलं पिमेंटो चोळायचं म्हणजे मांस टिकतं, आणि खड्ड्यात झाकून मंद भाजायचं म्हणजे धूर वर दिसत नाही, शत्रूला ठावठिकाणा लागत नाही, असं सांगतात. लाकूड कुठलं तर तेच पिमेंटोचं. म्हणजे ज्या झाडाचं फळ मसाल्यात त्याच झाडाचा धूर मांसात. पोर्टलंड भागातलं बॉस्टन बे हे गाव आजही जर्कसाठी प्रसिद्ध आहे, बाकी ठिकाणी तेलाचं पिंप उभं कापून केलेल्या भट्ट्यांवर करतात.

आपल्याकडे पिमेंटोचं लाकूड कुठून आणणार. पण ऑलस्पाइसचे मूठभर दाणे अर्धा तास पाण्यात भिजवून निखाऱ्यावर टाकता येतात, आणि कोकणातल्यांनी परसातल्या झाडाची पानं टाकावीत, बारीक फांद्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. शेगडी नसेल तर धुंगार द्या, शिजलेलं चिकन भांड्यात, मध्ये वाटीत पेटता कोळसा, त्यावर तुपाऐवजी ऑलस्पाइसचे आठदहा दाणे, झाकण पाच मिनिटं. खिडकी उघडी ठेवा, कोळशाचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नका.

शाकाहारी मंडळींनी हिरमुसायचं कारण नाही. रताळं, मक्याचं कणीस, पनीर, सुरण सगळ्यांना हा मसाला चालतो, कणसाला तर लिंबू आणि लोण्याबरोबर लावून बघाच. सुरमईला लावायचा तर मसाला निम्मा आणि अर्धा तास पुरे, माशाला रात्रभर मीठ लावून ठेवलं की तो घट्ट होतो. आणि जमैकात जर्कबरोबर भाजलेलं नीरफणस खातात, जे 1793 मध्ये कॅप्टन ब्लाय ताहितीहून जहाजाने तिकडे घेऊन गेला होता, गुलामांना स्वस्तात खायला घालायला. मालवण गोव्याकडे नीरफणसाचे काप आपण करतोच, रव्यात घोळवायच्या आधी हळद तिखटाऐवजी हा मसाला, मीठ आणि थोडं लिंबू लावा, साखर नको, आणि मध्यम आचेवर नेहमीसारखे तळा.